पांगाऱ्याच्या पानांवर गाठीच गाठी, झाड तोडू का?

प्रतापनगरकर:
अंगणातला पांगारा पार बिघडून राहिला. नवी पालवी आली की देठ सुजतात, पानं वाकडीतिकडी होतात. एक गाठ ब्लेडनं चिरली तर आत पांढुरकी, बिनपायाची अळी. कडुनिंबाचं तेल फवारून झालं, काही फरक नाही. शेजारचे काका म्हणतात, तोडून टाका.

झाडवेडी_नागपूर:
तोडू नका हो दादा! ही गांधीलमाशीची जात आहे, लांबी जेमतेम दीड मिलिमीटर. मादी कोवळ्या भागात अंडी घालते आणि अळी गाठीच्या आत बसून खाते. वरून मारलेलं तेल तिच्यापर्यंत पोचणार कसं? वीसेक दिवसांत पिढी पूर्ण. गाठीवर टाचणीएवढं भोक दिसलं तर माशी उडून गेली समजा. भोकं पडायच्या आत सुजलेले शेंडे छाटा, काळ्या पिशवीत घट्ट बांधून गच्चीवर ठेवा. आपल्या नागपूरच्या मे महिन्याचा तेवढा तरी उपयोग!

शेतकी_काका:
हवाई बेटांवर ही कीड 2005 मध्ये पोचली आणि पांगारे धडाधड वाळले. तिथं खोडात इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक टोचलं, पण प्रत्येक झाडाला ते कसं परवडावं? मग 2008 मध्ये आफ्रिकेतून आणलेली युरिटोमा ही तिची शत्रूमाशी सोडली, तेव्हा कुठे झाडं सावरली. घरी इमिडाक्लोप्रिडच्या भानगडीत पडू नका, फुलांवर मैना, बुलबुल, मधमाश्या येतात.

प्रतापनगरकर:
बरं झालं विचारलं. रविवारी छाटतो. शेजारच्या काकांना तुम्हीच समजवा बाप्पा.