सेफ्टीची टेप बघायची म्हणजे नक्की काय बघायचं?

लाफायेतचा नाशिककर:
मंडळी, मदत हवीये. इकडे इंडियानात आमच्या लॅबमधले आठ जण दरवर्षी एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) ड्राफ्टच्या, म्हणजे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात त्याच्या, आधी मिळून बोर्ड (खेळाडूंची क्रमवारी) बनवतात, प्रत्येकाला एक पोझिशन वाटून दिलेली असते आणि माझ्या वाट्याला सेफ्टी, म्हणजे बचावात सगळ्यात मागे उभा राहणारा, आलीये. 2025 ला मी साउथ कॅरोलायनाच्या निक इमॅनवोरीला पहिल्या पंधरात घातलं होतं, सहा फूट तीन इंच, 220 पाउंडाचा माणूस कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचणीत) 40 यार्ड 4.38 सेकंदांत पळतो, 43 इंच उभी उडी मारतो, म्हटलं अजून काय पाहिजे. गेला 35वा, दुसऱ्या राउंडमध्ये सिअ‍ॅटलकडे. बरं म्हणावं इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मधेच पकडणं) मोजा, तर नोटर डेमचा झेव्हियर वॉट्स, 2023 ला 7 आणि 2024 ला 6, तो थेट 96वा अटलांटाकडे. म्हणजे ना वेगाचा हिशोब लागला ना इंटरसेप्शनचा. आणि शनिवारी कॉलेजची मॅच लावली तर सेफ्टी टीव्हीवर दिसतच नाही हो, स्नॅप झाला (बॉल खेळात आला) की फ्रेमच्या बाहेर, मग एकदम कोणाला तरी आडवा करतानाच दिसतो. मधल्या पाच सेकंदांत तो काय करत होता हे कळणार कसं?

कोलंबसकाका:
अरे तू अर्धं उत्तर स्वतःच दिलंस. ते मधले पाच सेकंद हीच सेफ्टीची परीक्षा असते आणि टीव्ही नेमका तेवढाच भाग कापतो. त्यामुळे आधी डोळा तयार कर. एनएफएल प्लसच्या प्रीमियम प्लॅनमध्ये कोचेस फिल्म मिळते, बावीसच्या बावीस खेळाडू एका फ्रेममध्ये. कॉलेजचं तसं फुटेज आपल्याला सहजी मिळत नाही, पण एनएफएलच्या फिल्मवर दोन आठवडे घालव, मग कॉलेजच्या तुटक क्लिपमध्येही काय शोधायचं ते कळायला लागेल.

मी काय करतो सांगतो. बॉलकडे बघायचंच नाही. स्नॅपच्या आधी थांबवायचं, सेफ्टी कुठे उभाय ते बघायचं, मग चालू करून फक्त त्याचे पाय बघायचे, पहिली दोन पावलं. प्ले-अ‍ॅक्शनला (धावण्याचं नाटक करून पास) क्वार्टरबॅकने, म्हणजे पास टाकणाऱ्याने, बॉल रनिंग बॅकच्या (बॉल घेऊन धावणाऱ्याच्या) पोटाशी नेला आणि सेफ्टी पुढे धावत सुटला, तर मागे वीस यार्ड मोकळं रान. एकदा झालं तर सोड, पण तीन मॅचमध्ये पाच-सहा वेळा दिसलं तर ती सवय आहे आणि रविवारचे, म्हणजे एनएफएलचे, क्वार्टरबॅक पहिल्याच क्वार्टरमध्ये ती हेरतात. दुसरं म्हणजे अँगल. मोकळा सुटलेला बॅक आत्ता जिथे आहे तिथे धावणारा सेफ्टी हरला, तो जिथे पोचणार आहे तिथे धावणारा जिंकला.

काइल हॅमिल्टनचं उदाहरण घे, माझ्या मते ह्या प्रश्नाचं त्याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. नोटर डेम, सहा फूट चार इंच. 2021 चा सीझन फ्लोरिडा स्टेटविरुद्ध सुरू झाला, त्या मॅचमध्ये त्याने दोन इंटरसेप्शन काढली, त्यातलं एक पलीकडच्या हॅशवरून (मैदानाच्या मध्याजवळच्या खुणांच्या ओळीवरून) निघून पार साइडलाइनपर्यंत जाऊन. मी तो प्ले किती वेळा मागे घेऊन बघितला असेल. तो पळाला जोरात हे खरंच, पण त्याआधी तो निघाला लवकर, आणि सगळा खेळ त्या निघण्यात आहे. पुढे ऑक्टोबरमध्ये गुडघा दुखावला आणि सीझन सात मॅचवरच संपला. मग कंबाइनमध्ये 40 यार्ड 4.59 आले आणि लोक म्हणायला लागले हळू आहे हळू आहे. घसरत घसरत 14वा गेला बाल्टिमोरला. 2023 मध्ये फर्स्ट टीम ऑल-प्रो, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तमांत निवड.

रेव्हन्सवेडा:
काकांशी सहमत पण एक गोष्ट राहिली. हॅमिल्टन कुठे गेला ह्याला फार महत्त्व आहे. रेव्हन्सनी (म्हणजे बाल्टिमोरनी) त्याच वर्षी मार्चमध्ये मार्कस विल्यम्सला घेतलं होतं, तो खोल मागे राखणदारीला उभा राहणारा सेफ्टी, त्यामुळे हॅमिल्टनला स्लॉटमध्ये (आतल्या बाजूच्या रिसीव्हरसमोर, म्हणजे पास झेलणाऱ्यासमोर), बॉक्समध्ये (लाइनमागच्या गर्दीत), लाइनजवळ खेळवता आलं. 2023 ला कोल्ट्सविरुद्ध एका मॅचमध्ये तीन सॅक (क्वार्टरबॅकला पास टाकण्याआधीच पाडणं) काढले त्याने, सेफ्टी असून! तेव्हा डिफेन्स माइक मॅकडोनाल्ड चालवायचा. आणि आता गंमत बघ नाशिककर, तोच मॅकडोनाल्ड पुढे सिअ‍ॅटलचा हेड कोच झाला आणि तुझ्या इमॅनवोरीला तिथेच घेतलं, तेही निवडींची अदलाबदल करून आधीचा नंबर मिळवून. त्यालाही मुख्यतः निकेलमध्येच (स्लॉटसमोरचा जादा बचावपटू म्हणून) वापरलं. म्हणजे तू माणूस चुकीचा निवडला नव्हतास, त्याला काम कुठलं मिळणार हे धरलं नव्हतंस. बोर्डावर नावापुढे नुसतं "सेफ्टी" लिहू नकोस, सिंगल हायला (खोल मागे एकच सेफ्टी) एकटा मागे ठेवता येईल का, स्लॉटमध्ये रिसीव्हर सांभाळेल का, का बॉक्समध्येच बरा, हे लिही.

घडी४०:
सगळे वेगाला शिव्या घालताय पण मी नाही मानत. खोल मागे एकटा उभा राहणाऱ्याला 53 यार्ड रुंद मैदान झाकायचंय, तिथे 4.6 चा माणूस कितीही लवकर निघाला तरी साइडलाइनला पोचणार नाही. हॅमिल्टन अपवाद आहे, हात बघा त्याचे किती लांब. अपवादावरून नियम करू नका.

कोलंबसकाका:
वेगाला शिव्या कोणीच घातल्या नाहीत रे. पण त्याच 2022 च्या ड्राफ्टमध्ये जॉर्जियाचा लुइस सीन 4.37 ला पळाला होता, 32वा गेला व्हायकिंग्सला, आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी सोडून दिला. घड्याळाने काय वाचवलं?

घडी४०:
काका हे मात्र बरोबर नाही. सीनचा पाय मोडला होता, लंडनला सेंट्सविरुद्ध, रुकी (पहिल्या) सीझनची चौथीच मॅच, हाड बाहेर आलेलं. त्या पोराला वेगाच्या वादात ओढू नका.

कोलंबसकाका:
बरोबर आहे तुझं, ते उदाहरण मी घ्यायला नको होतं. मागे घेतो. मग ब्रायन ब्रँच घे. अलाबामा, 4.58, त्यामुळे 2023 ला दुसऱ्या राउंडमध्ये 45वा, डेट्रॉइट. पहिल्याच मॅचमध्ये कॅन्सस सिटीच्या रिसीव्हरच्या हातातून उडालेला बॉल पकडून 50 यार्ड टचडाउन, आणि लायन्स (डेट्रॉइट) जिंकले 21-20. बॉल उडाला हे नशीब, पण तो तिथे होता ना. अलाबामाची त्याची टेप बघ, हा माणूस सतत बॉलच्या आसपासच असतो आणि टॅकल सोडत नाही.

सांगलीची कव्हर:
टॅकलवर कोणी नीट बोललंच नाही म्हणून लिहिते. मी शाळा-कॉलेजात कबड्डी खेळले, कव्हरला. चढाई करणारी आत आली की हात शिवशिवतात, पण घाई करून झेप घेतली आणि ती निसटली की पॉइंट गेला, वर आपण आउट. पाय आपटून जागा धरायची, तिला एकाच बाजूला जायला भाग पाडायचं, मग पकड. सेफ्टीचं मला अगदी तसंच दिसतं. नवरा ज्या आपटण्याला ओरडतो, खांदा मारून उडवणं वगैरे, त्याकडे मी बघतच नाही. मी बघते जवळ येताना शेवटच्या दोन-तीन यार्डात पावलं छोटी होतात का, कंबर खाली जाते का, हात मिटतात का. खांदा मारणारा दहातले सात पाडेल, पण उरलेले तीन थेट एंड झोनमध्ये जातात, कारण ह्याच्या मागे कोणी नाही. नाशिककर, चुकलेल्या टॅकलचा आकडा बघच, पण प्रत्येक चुकलेला टॅकल कुठे चुकला तेही लिहून ठेव. लाइनजवळ गर्दीत चुकला तर त्याची किंमत चार यार्ड, मोकळ्यावर चुकला तर सहा पॉइंट.

लाफायेतचा नाशिककर:
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः ताई, ते पावलं छोटी होण्याचं कालच्या टेपमध्ये लगेच दिसलं. काल रात्री काकांच्या पद्धतीने बसलो, बॉल सोडून फक्त एका सेफ्टीचे पाय, एका मॅचला अडीच तास लागले. एक शंका. बऱ्याच प्लेमध्ये कॉलेजचे सेफ्टी एका बाजूला खूप सरकून उभे दिसतात, आणि त्या बाजूला पोचायला उशीर झाला की मी मायनस देतोय. ते बरोबर का?

रेव्हन्सवेडा:
तिथे जरा सांभाळून. कॉलेजच्या हॅशमार्कमध्ये 40 फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये फक्त साडेअठरा. कॉलेजला बॉल हॅशवर ठेवला की एक बाजू प्रचंड रुंद, एक अरुंद, म्हणून ते सरकलेले दिसतात आणि रुंद बाजूच्या सेफ्टीला एनएफएलमध्ये क्वचितच लागेल एवढी धाव लागते. त्या प्लेमध्ये उशिरा पोचला म्हणून मायनस देऊ नकोस, निघाला कधी तेवढंच लिही. आणि अरुंद बाजूला भारी दिसणाऱ्याचे मार्क जरा कमी धर, तिथे साइडलाइनच त्याचं अर्धं काम करते.