विषय: रविवारचे मुलांचे सामने – पालकांनी कुठे उभे राहायचे?

मंडळी, सप्रेम नमस्कार.
रविवारच्या दहा वर्षांखालील मुलांच्या सामन्यांची बाकी तयारी झाली असून पालकांनी कोणत्या बाजूला उभे राहायचे एवढेच ठरायचे राहिले आहे. मागच्या खेपेचा विषय उगाळत नाही. मात्र मध्यंतरात आपला पंधरा वर्षांचा पंच गोलखांबापाशी एकटाच उभा राहून शिटीची दोरी बोटाला गुंडाळत होता आणि ज्यांनी त्याला दरडावले ते दहा पावलांवर चहा पीत होते, हे मी पाहिले आहे. इथल्या, म्हणजे इंग्लंडच्या, फुटबॉल असोसिएशनने २००८ साली सुरू केलेल्या 'रिस्पेक्ट' मोहिमेत पालकांसाठी सीमारेषेच्या मागे वेगळी जागा आखतात. आपणही रेषेला समांतर दोरी बांधावी. सर्व पालकांनी तिच्या मागे एका बाजूस थांबावे आणि समोरची बाजू प्रशिक्षक व राखीव खेळाडूंना मोकळी ठेवावी, ही विनंती.
– मेधा

मेधाताई,
दोरीला हरकत नाही. पण पार्किंगच्या बाजूला खाद्यपदार्थांची टेबले लागतात, ती जागा भोजन समितीने आधीच मागून घेतली आहे आणि आम्हांला न विचारता ती बदलू नये. आजी-आजोबांच्या खुर्च्या मागे गेल्या तर त्यांना काय दिसणार? मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर आले की अख्खी पेठ लोटते आणि त्या आरोळ्यांनीच खेळाडूंना बळ येते. आपल्या मुलांना त्यातले काहीच मिळू नये का?
– शिरीष

शिरीषदादा,
तिथे खेळतात ती मोठी माणसे. आपली मुले नऊ वर्षांची आहेत. आरोळीला कोणाचाच विरोध नाही, विरोध आहे तो हुकूम सोडण्याला. बाबा 'शूट कर' म्हणतात, आई 'पास दे' म्हणते, प्रशिक्षक तिसरेच सांगतात, आणि पायाशी चेंडू असलेले मूल थबकून आधी सीमारेषेकडे पाहते. तेवढ्यात समोरचा चेंडू घेऊन जातो. इथल्या लीगमध्ये अकरा वर्षांखालील गटापर्यंतचे निकाल प्रसिद्धही करत नाहीत, मग एका गोलवरून आपण पंचाशी का भांडावे? गोल समोरच्या संघाने केला तरी टाळ्या वाजवाव्यात.
– वैशाली

वैशालीताईंचे म्हणणे पटले. मात्र मुलांना खिलाडूवृत्ती शिकवण्याचे काम आम्हा प्रशिक्षकांचेच राहू द्यावे. मी मुलांना पाओलो दि कानिओ या इटालियन फुटबॉलपटूची गोष्ट सांगतो. १९९८ मध्ये त्याने पंचाला ढकलले आणि ११ सामन्यांची बंदी ओढवून घेतली. त्याच खेळाडूने डिसेंबर २००० मध्ये वेस्ट हॅमकडून खेळताना, एव्हर्टनच्या गुडिसन पार्क मैदानावर, दोन्ही संघ १-१ अशा बरोबरीत असताना, समोरचा गोलरक्षक दुखापतीने खाली पडलेला पाहून गोलची संधी सोडली आणि चेंडू सरळ हातात धरला. एव्हर्टनच्या प्रेक्षकांनी उभे राहून त्याला दाद दिली. मुले ही गोष्ट पुन्हा सांगायला लावतात.
– अनिरुद्ध

अनिरुद्ध, मुलांशी तुम्हीच बोला. पालकांचे आम्ही पाहतो. पंचाच्या निर्णयाबद्दल ज्यांना काही म्हणायचे असेल त्यांनी सामना संपल्यावर माझ्याकडे यावे, त्या मुलाकडे नाही. त्याचे आईवडील त्याला पुन्हा पाठवायला कसेबसे तयार झाले आहेत, आणि त्याने शिटी ठेवून दिली तर पुढच्या वर्षी पंच आणायचा कोठून? शिरीषराव, टेबले जागची हलणार नाहीत. पालकांना पलीकडची, झाडांकडची बाजू देऊ आणि आजी-आजोबांच्या खुर्च्या दोरीला लागून पहिल्या रांगेत मांडू. किती लागतील ते शुक्रवारपर्यंत कळवावे.
– मेधा