मदत हवी आहे: गोधडीवरच्या फिल्मचा आवाज
नमस्कार, आम्ही डिचोलीच्या पाच मुली, दर रविवारी गावातल्या बायकांबरोबर जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतो आणि प्रत्येक तुकड्यावर जिची तिची एक ओळ. एका मावशीने लाल दोऱ्याने टाकलंय ‘पगार माझा, हिशोबही माझा’, शेवटचा काना तीनदा उसवून परत घातला, इतकं जीव लावून! हे मोबाईलवर शूट केलंय. २०१३ च्या कायद्याने घरकाम करणाऱ्या बाईलाही लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, तेपण फिल्ममध्ये घालायचंय, कारण तिथे कुणालाच माहीत नव्हतं. अडचण अशी की शिलाई मशीनच्या खडखडाटात बोलणं दबतंय, आणि दोघींना चेहरा नकोय, नुसते हात चालतील म्हणतात. आवाज साफ करायला फुकट ॲप कुठलं? ८ मार्चला दाखवायला म्हापशाकडे कोणी प्रोजेक्टर देईल का?