प्रति: प्रामाणिक माणूस मागेच राहतो?

'प्रामाणिक राहिलं की माणूस मागेच पडतो' हे वर कुणीतरी लिहिलंय, ते वाचून वडील आठवले. आम्ही निफाडकडचे, कांदा लासलगावला न्यायचो. लिलावात बोली लागते ती ट्रॉलीतला वरचा माल बघून. ट्रॉली रिकामी होते नंतर, व्यापाऱ्याच्या खळ्यावर. म्हणून पुष्कळजण वर मोठा कांदा पसरतात नि गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, खाली दडपतात. एकदा मीही तेच केलं, वडिलांना न सांगता.

खळ्यावर ट्रॉलीचा मागचा फाळका उघडला आणि गोल्टी घरंगळत बाहेर! व्यापाऱ्याने वांधा काढला, क्विंटलमागे पैसे कापायला निघाला. मी मजुरांवर ढकलणार, तोच वडील म्हणाले, "भरणी आमचीच आहे शेठ, कापा." घरी येईपर्यंत चकार शब्द नाही. (शिव्या परवडल्या असत्या.)

पुढच्या खेपेला गोल्टी वेगळी भरली. भाव जास्त मिळाला का? नाही हो, तेव्हा बाजारच पडलेला. त्यामुळे वरच्या वाक्यात अगदीच तथ्य नाही असं म्हणणार नाही. मी आठवडाभर चिडचिड करत बसलो. वडील मात्र पुढच्या उन्हाळ कांद्याचं उळं (बी) टाकायला वाफे बांधत होते.