ठाण्यात सायकल ट्रॅक: पैसे रंगावर घालायचे की चौकावर?

ढोकाळीकर
घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला, कडेपासून कडेपर्यंत 15 मीटर रुंद रस्त्यावर सायकल ट्रॅकचा प्रस्ताव आहे. दोन्हीकडे गाड्या उभ्या असतात. सोसायट्या म्हणतात, कोंडी वाढेल, त्यापेक्षा रस्ता रुंद करा. लेखी सूचनांत नेमकं काय मागावं?

रस्ता_मोजणी
आधी टेप लावा. पार्किंगने दोन्हीकडे 2-2 मीटर खाल्ले की 11 उरतात, संध्याकाळी दुसरी रांग लागली की 7. कोंडी इथे होते, आणि रुंद केलेली जागाही पार्किंगच गिळेल.

मागणी अशी करा: गाड्यांना 3.25 मीटरच्या दोन मार्गिका, दोन्ही कडांना 2 मीटरचा एकेरी ट्रॅक, पार्किंग एकाच बाजूला 2.2 मीटर. ट्रॅकलगत अर्ध्या मीटरचा उंच पट्टा, पण पार्किंगच्या बाजूला तो 0.8 हवा, नाहीतर उघडलेलं दार थेट सायकलवाल्याच्या छातीवर. बेरीज 14 मीटर, राहिलेला मीटर पदपथाला.

कोंडीच्या मुद्द्यावर आयआरसी 106 (इंडियन रोड्स काँग्रेसची शहरी रस्त्यांच्या क्षमतेची मार्गदर्शिका) दाखवा. कोणतं वाहन रस्त्याची किती क्षमता खातं याच्या हिशेबात शहरी रस्त्यावर कार 1 धरली, तर रिक्षा 1.2 आणि सायकल 0.4 (वाहतुकीत त्यांचा वाटा 5 टक्क्यांपर्यंत असताना). म्हणजे सायकलने कोंडी कारपेक्षा कमीच होते.

नेरूळ_पूर्व
नुसती पांढरी रेघ मारून देत असतील तर घेऊच नका. नवी मुंबईतल्या पाम बीचसारख्या वेगाच्या रस्त्यावर तर ती जीवघेणी आहे, सायकलवाल्याला वाटतं जागा आपली आणि कारवाल्याला ती दिसतही नाही.

ट्रॅकच्या तोंडाशी खांबांमधलं अंतर 1.2 मीटर ठेवा. रिक्षा साधारण 1.3 मीटर रुंद, ती अडते. स्कूटर मात्र अडणार नाही, तिचं हँडल सायकलएवढंच असतं. तिला अडवायला नागमोडी लोखंडी अडथळे लावले की व्हीलचेअर आधी अडकते. तिथे दंडच हवा.

खरा खर्च चौकात आणि सोसायट्यांच्या गेटांवर व्हायला हवा. गेटापाशी ट्रॅक खाली उतरवू नका. तो सपाट ठेवून गाडीला चढ द्या, वेग आपोआप पडतो. डावीकडे वळणारा कोपरा आखूड ठेवा, 4-5 मीटर त्रिज्येचा. मोठ्या गोलाईवर गाड्या वेग न सोडता वळतात आणि सरळ जाणारी सायकल गाडीखाली येते.

पेव्हर ब्लॉक नकोत. पावसात खालची वाळू वाहते, ब्लॉक खचतात, सांधे उघडतात. डांबर किंवा काँक्रीट घ्या. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या प्रवासाच्या दिशेला आडव्या असाव्यात, उभ्या फटीत अरुंद चाक रुततं. रंग फक्त चौकात, तोही खडीचा चुरा मिसळून; गुळगुळीत रंगावर पहिल्याच पावसात चाक सरकतं.

ढोकाळीकर
बसथांब्यापाशी पदपथ दीड मीटरच आहे. ट्रॅक शेडच्या मागून जात नाही.

रस्ता_मोजणी
मग थांब्यासमोर ट्रॅक पदपथाच्या पातळीवर चढवा, चढ 1:20. बसमधून उतरणाऱ्यांसाठी तिथे झेब्रा पट्टे, सायकल थांबेल. थांब्याची लांबी बसएवढी धरा, साधारण 12 मीटर.

निविदा_वाचक
खर्चावर बोलण्याआधी माहिती अधिकारात अर्ज टाका: 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. अंदाजपत्रक, कार्यादेश (वर्क ऑर्डर) आणि दोषदायित्व कालावधी (ज्या मुदतीत कंत्राटदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायचे) मागा. काम सुरू झाल्यावर मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही. अंदाजपत्रकात रंग आणि फलकांचा आकडा मोठा, पण चेंबरची झाकणं ट्रॅकच्या पातळीला आणण्याची नोंदच नसेल, तर हरकत तिथेच घ्या. जलवाहिनी आणि केबलचे चर आधी खोदून होतील, हेही लेखी घ्या. ट्रॅक झाल्यावर खोदलेला चर नीट बुजवला जात नाही, आणि सायकल नेमकी त्याच खाचेत जाते.