ताळगावच्या पठारावर शिकताना : ठाणे-नवी मुंबईकरांचे अनुभव

पदवीचे निकाल लागले की ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत घरोघरी पुढच्या प्रवेशाची चर्चा सुरू होते. आमच्या ओळखीच्या घरांतून या चर्चेत गोवा विद्यापीठाचे नाव निघाले की पाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो : तिथे जाऊन मुले अभ्यास करतात का? हे विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू झाले. त्याआधी गोव्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. पणजीजवळच्या ताळगाव पठारावर सुमारे ४२७ एकरांत ते वसले आहे आणि तेथून जुवारी नदीचे मुख व समुद्र दिसतो. एवढ्या माहितीवर कोणाचेही समाधान होत नाही, म्हणून तेथे शिकून आलेल्या किंवा सध्या शिकत असलेल्या आपल्याकडच्या मंडळींना लिहिण्याची विनंती केली होती. सहलीचे वर्णन नको, तिथल्या संथ दिनक्रमाने तुमच्या शिक्षणाचे काय केले तेवढे लिहा, असे मुद्दाम सांगितले होते. आलेले अनुभव लिहिणाऱ्यांच्या इच्छेनुसार नावांशिवाय, केवळ राहण्याचे ठिकाण आणि विषय देऊन येथे ठेवत आहे.

ऐरोली, सागरविज्ञान

आमच्या इमारतीच्या गच्चीवरून तिवरांचा पट्टा आणि हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे दिसत असत, त्यामुळे खाडीशी माझी ओळख लहानपणापासूनची आहे. मात्र खाडीचे पाणी वाचायला मी शिकले ते जुवारीच्या पात्रात. सागरविज्ञानाच्या विद्यार्थ्याचा दिवस घड्याळापेक्षा भरती-ओहोटीच्या कोष्टकावर चालतो. नमुने ओहोटीचे हवे असतील, तर ओहोटी पहाटे लागो की टळटळीत दुपारी, त्याच वेळी पाण्यावर असावे लागते, आणि ही वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ठरलेल्या जागी पोहोचल्यावर पाणी वळेपर्यंत होडीत बसून राहण्याखेरीज काही करता येत नाही. पहिल्या सत्रात माझी फार घालमेल होत असे. आमचे सर मात्र शांतपणे म्हणत, "पाणी वळेपर्यंत आपल्याला जायचंय कुठे? बघत बसा." त्या बघत बसण्यात मला जे समजले, ते कोणत्याही टिपणवहीत नव्हते.

एक उदाहरण देते. पाण्याची क्षारता मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर नावाची हातात मावणारी नळी असते. तिच्या तिरप्या काचेवर पाण्याचा एक थेंब टाकायचा, झाकण मिटायचे आणि नळी उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत निळा आणि पांढरा असे दोन भाग दिसतात व त्यांची सीमारेषा ज्या आकड्यावर येते ती क्षारता. मे महिन्यात मुखाजवळ ही रेषा तीसच्या वर असते. जुलैत त्याच जागी, त्याच होडीतून वरच्या थराचे पाणी घेतले की ती पार खाली आलेली असते, कारण घाटातून आलेले गोडे पाणी समुद्राच्या जड पाण्यावर पसरलेले असते. नदी आणि समुद्र यांची सीमा ऋतूप्रमाणे कित्येक किलोमीटर आत-बाहेर होते, हे वाक्य मी पुस्तकात वाचले होते. नळीला डोळा लावल्यावर मात्र ते डोळ्यांनी पाहिले.

मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात आम्ही तिवरे पाहायला जात असू. तेथे मगरींचा वावर असल्याने होडीतून हात बाहेर काढायचा नाही, अशी सक्त ताकीद असे. काठाने खाजन शेती, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली शेती आहे आणि तिच्या बांधांत मानशी बसवलेल्या आहेत. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आत साठलेले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. आपल्याकडच्या आगरी गावांत खारभूमीच्या बांधाला ज्या उघाड्या असत, त्यांचे काम हेच. गावातल्या वृद्धांकडून ऐकलेली ती उघाडी मला नीट कळली ती गोव्यात.

शेजारी दोनापावल्याला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, त्यामुळे विषयातील जाणकारांची व्याख्याने ऐकायला दूर जावे लागत नाही. आज मी ठाणे खाडीच्या पाण्यावर काम करते. या खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. इथल्या भरती-ओहोटीतील फरक गोव्याच्या जवळजवळ दुप्पट आहे, चिखल अधिक आहे आणि कामाला घाई फार आहे. तरीही पाणी वळण्याची वाट पाहण्याची सवय मी सोडलेली नाही आणि माझ्या हाताखालच्या मुलांनाही ती लावते आहे.

नौपाडा, रसायनशास्त्र

मी गेलो तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. तिचा मार्ग १९९८ च्या जानेवारीत पूर्ण खुला झाला. आम्ही ठाण्याहून रात्रीची बस धरत असू आणि कशेडीचा घाट झोपेत ओलांडून सकाळी पणजीला उतरत असू. विद्यापीठ तेव्हा नवे होते. सतीश गुजराल यांनी आराखडा केलेल्या इमारती, भोवती मोकळा कातळ आणि सतत वाहणारा वारा, एवढेच तेथे होते.

माझे ठाण्यातील मित्र रोज लोकल आणि बस करून मुंबई विद्यापीठात कालिन्याला जात असत. त्यांच्या जाण्या-येण्यात जो वेळ खर्ची पडे, तो माझ्याकडे प्रयोगशाळेसाठी शिल्लक राहत असे, आणि रसायनशास्त्रात या शिल्लक वेळेला फार मोल असते. स्फटिक हवे तसे जमले नाहीत तर द्रावण पुन्हा गरम करून, झाकून, हळूहळू थंड होऊ द्यावे लागते. शेवटची गाडी चुकण्याची भीती नसेल, तर हे काम माणूस नीट करतो. पुढे कारखान्यात काम करताना वरिष्ठांनी माझ्या धीराचे कौतुक केले, तेव्हा त्याचे श्रेय मी मनोमन त्या पठाराला दिले.

घोडबंदर रस्ता, पालक

मुलीला एकटीला गोव्यात ठेवण्यास आमच्या घरातून कडाडून विरोध होता आणि तो गोव्याच्या पर्यटनी प्रतिमेमुळे होता. तिला सोडायला गेलो तेव्हा लक्षात आले, की गर्दीचे उत्तरेकडील किनारे मांडवीच्या पलीकडे बऱ्याच अंतरावर आहेत, तर ताळगाव हे शेते, कौलारू घरे आणि चर्च यांचे गाव आहे आणि तेथे रात्री लवकर निजानीज होते. माझी खरी काळजी निघाली ती वेगळीच, म्हणजे वाहनांची. संध्याकाळ कलल्यावर खासगी बस भराभर कमी होतात. दुचाकीवरून नेणारे पायलट मिळतात, पण मुलींना रात्री तो पर्याय नेहमी सोयीचा वाटत नाही. प्रवेश घेणाऱ्या पालकांना माझे एवढेच सांगणे आहे, की राहण्याची जागा विद्यापीठाच्या आवारात किंवा पायी जाता येईल इतकी जवळ पाहावी, आणि थोडे भाडे अधिक पडले तरी त्यात तडजोड करू नये.

वाशी, इतिहास

माझा विषय सतराव्या शतकातील मराठे-पोर्तुगीज पत्रव्यवहार हा होता, आणि त्यासाठी पोर्तुगीज भाषा शिकणे भाग होते. विद्यापीठात पोर्तुगीजचा स्वतंत्र विभाग आहे आणि पणजीत पुराभिलेख खात्याचा दप्तरखाना आहे. या दप्तरखान्याची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते, कारण त्या वर्षी दिओगु द कौतु या इतिहासकाराकडे गोव्याचे दप्तर सोपवण्यात आले होते. भाषा शिकलो म्हणजे कागद वाचता येईल, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात लेखनिकाचे हस्ताक्षर हा वेगळाच अभ्यास ठरला. शब्द अर्धे लिहून वर रेघ मारलेली असते, आणि लोहयुक्त शाईने कित्येक ठिकाणी कागद खाल्लेला असल्याने अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचे छिद्र उरलेले असते. एक पान दिवसभरात वाचून झाले तर तो चांगला दिवस समजायचा.

पणजीत दुपारी एकच्या सुमारास दुकाने बंद होतात आणि चारच्या सुमारास उघडतात. वाशीच्या बाजारपेठेत वाढलेल्या मला सुरुवातीला हे पटले नव्हते. पुढे त्याच वेळेत मी सकाळची टिपणे स्वच्छ करू लागलो आणि प्रबंधाचा बराचसा भाग त्या दुपारींत उभा राहिला. संध्याकाळी कधी रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जात असे. पायी जाणाऱ्याला तिकीट पडत नाही, त्यामुळे विद्यार्थ्याला परवडणारी ही एकमेव जलयात्रा आहे.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. विद्यापीठाने कवी बाकीबाब बोरकर, व्यंगचित्रकार मारियो मिरांडा, गणितज्ञ व इतिहासकार दा. ध. कोसंबी अशा गोव्याच्या मान्यवरांच्या नावे अध्यासने केली आहेत. त्यांवर बाहेरून विद्वान आणि कलावंत येतात व छोटे अभ्यासक्रम घेतात, आणि त्यांना विद्यापीठाबाहेरचे लोकही येऊन बसतात. माझ्या शेजारच्या बाकावर निवृत्त शिक्षिका, वकील आणि एक चित्रकार बसलेले मी पाहिले आहेत. कोसंबींच्या नावाचा विचार महोत्सव २००८ पासून कला अकादमीत भरू लागला, तोही सर्वांना खुला. मुंबईत अशी व्याख्याने कमी नाहीत, पण सातच्या व्याख्यानाला वाशीहून पोहोचायचे तर पाचला निघावे लागते, आणि वक्त्याशी बोलायला थांबावे तर परतीची चिंता लागते. पणजीत वक्ता त्याच फुटपाथवरून आपल्याबरोबर चालत असतो.

पनवेल, संगणकशास्त्र

सर्वांनी चांगलेच लिहिलेले दिसते, म्हणून दुसरी बाजू मांडणे मला कर्तव्य वाटते. माझ्या विषयात शिकत असताना कंपन्यांत जाऊन काम पाहणे, लोकांना भेटणे, मुलाखती देणे यांना महत्त्व आहे, आणि त्या संधी महापे, ऐरोली, पुणे, बंगळूर येथे अधिक आहेत. मी सुट्टीत पनवेलला येऊन काम शोधत असे, तर इथले माझे वर्गमित्र कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी तेच करू शकत होते. संथ वातावरण ज्याच्याजवळ स्वतःचा ठाम अभ्यासक्रम आहे त्याला मानवते. ज्याला इतरांच्या धावण्यातून गती मिळते, त्याचे सत्र तेथे पाहता पाहता निघून जाते, आणि असे हुशार मित्र मी डोळ्यांसमोर पाहिले आहेत.

भाड्याच्या खोलीचाही त्रास झाला. आमच्या घरमालकांनी डिसेंबर जवळ येताच खोली रिकामी करण्याचा लकडा लावला, कारण त्या महिन्यात पर्यटकांकडून कितीतरी जास्त भाडे मिळते, आणि आमच्या परीक्षा त्याच सुमारास होत्या. वर्षाचा लेखी करार केल्याशिवाय कोणीही खोली घेऊ नये.

कोपरी, मराठी

मराठी शिकायला गोव्यात कशाला, असे मला अनेकांनी विचारले. त्याचे उत्तर असे, की तेथे वर्गातील जवळजवळ प्रत्येक जण घरी कोकणी बोलतो, मराठीत वाचतो-लिहितो, आणि कीर्तन, नाटक, दिंडी यांतून मराठी त्याच्या गावात नांदत असते. भाषा दोन असूनही त्यांच्यात वावरताना कोणाला अडखळताना मी पाहिले नाही. मैत्रिणीच्या घरी चवथीला गेले, तेव्हा गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीच्या चौकटीला बांधलेली रानफळे मी एकेक करून विचारली आणि तिच्या आजींनी प्रत्येकाचे नाव आणि ते कुठल्या डोंगरावर मिळते ते सांगितले.

ताळगावात २१ ऑगस्टला कोणशांचे फेस्त असते. भाताची नवी कणसे कापून ती चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. आम्ही काही जणी पहाटे पाहायला गेलो होतो. नव्या धान्याचा हा मान आमच्या घरातल्या नव्याच्या पुजेइतकाच मनोभावे होत होता.

सीवूड्स, वनस्पतीशास्त्र

मी सध्या तेथेच शिकते आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. विद्यापीठ ज्या जांभ्या दगडाच्या सड्यावर आहे, तो उन्हाळ्यात उजाड वाटतो. पाऊस सुरू झाला की गोव्याच्या सड्यांवर बोटभर मातीतून गेंद आणि सीतेची आसवे ही रानफुले उगवतात. सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती आहे. या मातीत नत्र कमी असल्याने ती ओल्या मातीतले सूक्ष्म जीव मातीतल्या मुळांसारख्या धाग्यांवरच्या इवल्या पिशव्यांत पकडते. त्या पिशव्या पाहायच्या तर ओल्या कातळावर पालथे पडून भिंग लावावे लागते, आणि कोणी येणारे-जाणारे त्याचे नवल करत नाही. येऊरच्या जंगलात शाळेच्या सहली केल्या होत्या, परंतु एकच चौरस मीटर जागा जून ते सप्टेंबर सतत पाहण्याची संधी मला येथेच मिळाली.

नव्याने येणाऱ्यांसाठी प्रवासाची एक गोष्ट. रात्री ठाण्याला किंवा पनवेलला कोकणकन्या एक्सप्रेस धरली की सकाळी करमळीला उतरता येते आणि तेथून पणजी जवळ आहे. गणपतीत कोकणाकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, मात्र आपला प्रवास नेमका उलट असतो. चवथीच्या सुट्टीत आपण गोव्याहून घरी येतो तेव्हा मुंबईकडची गाडी मोकळी मिळते, आणि विसर्जनानंतर चाकरमानी परतत असताना आपण पुन्हा गोव्याकडे निघालेलो असतो. मार्ग बहुतांशी एकेरी असल्याने समोरून येणाऱ्या जादा गाड्यांना वाट देण्यासाठी आपली गाडी स्थानकांत थांबवून ठेवतात, म्हणून त्या दिवसांत पोहोचल्याबरोबर लगेच तास किंवा परीक्षा असेल असे नियोजन करू नये आणि डबा दोन वेळचा घ्यावा.