आधी नाव नोंदवू की लोगो?

साबणाचा व्यवसाय आहे. कंपनी त्याच नावाने रजिस्टर केली आहे. ट्रेडमार्क वेगळा घ्यावा लागतो का? नावाचा घेऊ की रंगीत लोगोचा?

उत्तर: वेगळाच घ्यावा लागतो. कंपनीच्या नोंदणीने ब्रँडवर हक्क मिळत नाही. एकाच अर्जाचे पैसे असतील तर साध्या अक्षरांतलं नाव आधी नोंदवा. लोगो पुढेमागे बदलतो, नाव टिकतं. अर्जाआधी तसंच नाव आधी कोणी नोंदवलंय का याचा शोध घ्या, पण नुसतं स्पेलिंग जुळवू नका. नाव मोठ्याने म्हणून बघा, कारण उच्चार सारखा वाटला तरी आक्षेप येतो. ‘शुद्ध साबण’सारखं नुसतं वर्णन असेल तर नोंदणी अवघड. ते शब्द सगळ्यांचे आहेत, आणि तसेच राहायला हवेत.

प्रश्नकर्ता: धन्यवाद! वर्ग कोणता टाकू?

उत्तर: ट्रेडमार्कसाठी वस्तू आणि सेवांची वर्गवार आंतरराष्ट्रीय यादी आहे, तिला नीस वर्गीकरण म्हणतात. त्यात ४५ वर्ग आहेत. अंगाचा साबण ३ मध्ये, औषधी साबण ५ मध्ये. दोन्ही विकत असाल तर दोन्ही घ्या.

आणखी एक: परदेशात विकायचं असेल तर पहिल्या अर्जापासून ६ महिन्यांच्या आत पॅरिस करारातल्या (हवामानाचा नव्हे, ट्रेडमार्क-पेटंटबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) इतर देशांत अर्ज करा, म्हणजे तिथेही पहिल्या अर्जाचीच तारीख धरतात. आणि इतरांचे नवे अर्ज प्रसिद्ध होतात, त्यांत तुमच्यासारखं नाव येतंय का ते बघत राहा. विरोध नोंदवायची मुदत थोडी असते.